पद्मिनीला करंट नाही: कॉइल, कंडेन्सर, पॉइंट तिन्ही नवे घालूनही

पद्मिनी८६ | शनिवार, रात्री ९:४०

मंडळी, मदत हवी आहे. जरा सविस्तर लिहितो.

गाडी प्रीमिअर पद्मिनी, १९८६ ची. बाबांनी नवी घेतलेली, आजवर दुसऱ्या कोणाच्या नावावर गेलेली नाही. गेल्या रविवारी जेजुरीहून परत येत होतो. दिवे घाट नीट उतरलो, वडकीच्या अलीकडे इंजिनाने दोन-तीन गचके दिले, सायलेन्सरमधून एकदा मोठा आवाज आला आणि गाडी बंद. सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल येतंय. प्लग काढून बॉडीला टेकवला आणि सेल्फ मारला, तर ठिणगीच नाही. चारही प्लगची तीच गत.

टो करून एका गॅरेजमध्ये नेली. त्यांनी आधी कॉइल बदलली. फरक नाही. मग कंडेन्सर. फरक नाही. मग सीबी पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधला करंट तोडणारा कॉन्टॅक्ट). तरीही नाही. तीन दिवसांनी म्हणाले, डिस्ट्रिब्युटरच बदला, नाहीतर पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक किट टाका. मी गाडी पुन्हा टो करून कोथरूडला घरी आणली. बाबा ७९ वर्षांचे आहेत, रोज खाली जाऊन तिच्याजवळ उभे राहतात. शिवाय पुनर्नोंदणीची मुदत जवळ आली आहे, आरटीओत गाडी स्वतःच्या इंजिनावर न्यायला हवी.

माझ्याकडे मल्टिमीटर आहे, पान्यांचा एक सेट आहे आणि शिकायची तयारी आहे. सुरुवात कुठून करू?


नानापेठी | शनिवार, रात्री १०:०५

डिस्ट्रिब्युटरचा रोटर आणि कॅप बदलली का? पावसाळ्यानंतर कॅपच्या आत ओल धरते, काळ्या बारीक रेघा पडतात आणि करंट त्या रेघांवरून भलतीकडेच जातो. माझ्या गाडीला दर वर्षी गणपतीच्या सुमारास हा त्रास व्हायचा.


सदाशिव पेठ | शनिवार, रात्री १०:२०

आमच्या अॅम्बॅसेडरला बाबा अशा वेळी पॉइंटमधून पोस्टकार्डाचा तुकडा फिरवायचे आणि ती सुरू व्हायची. नव्या पॉइंटवरही कधीकधी तेलकट थर असतो. गंज लागू नये म्हणून तो कारखान्यातच दिलेला असतो. पेट्रोलच्या फडक्याने पुसून घ्या.


बारा व्होल्ट | रविवार, सकाळी ६:५०

पद्मिनी८६, आता कृपा करून आणखी एकही पार्ट विकत घेऊ नका. कॅप नाही, रोटर नाही, किट तर मुळीच नाही. करंट कुठपर्यंत येतो आणि कुठे थांबतो, ते आधी शोधू.

मी आयुष्यभर ऑटो इलेक्ट्रिकचं काम केलं, आता निवृत्त आहे. आमच्या वेळी मुंबईच्या टॅक्स्यांमुळे पद्मिनीचे पार्ट कुठेही मिळायचे, त्यामुळे 'बदलून बघू' चालून जायचं. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या टॅक्स्या रस्त्यावरून गेल्या. आता चांगला जुना पार्ट काढून टाकणं म्हणजे नुकसानच. तुमची जुनी कॉइल गॅरेजवाल्यांकडून परत घेतली असेल अशी आशा आहे.

आधी यंत्रणा समजून घ्या, म्हणजे पुढच्या चाचण्या पाठ कराव्या लागणार नाहीत.

कॉइलमध्ये दोन वेढे असतात, एक जाड तारेचा, एक अतिशय बारीक तारेचा. जाड वेढ्याला बॅटरीचे १२ व्होल्ट किल्लीमार्फत एका टोकाला मिळतात. त्याचं दुसरं टोक डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटला जातं. पॉइंट मिटलेले असले की ते टोक अर्थ होतं, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडलं जातं, वेढ्यातून साधारण ४ अँपिअर वाहतात आणि कॉइलमध्ये चुंबकत्व भरतं. शाफ्टवरच्या कॅमने पॉइंट उघडले की तो प्रवाह एकदम तुटतो, चुंबकत्व कोसळतं आणि बारीक वेढ्यात हजारो व्होल्ट तयार होतात. तेच जाड वायरने कॅपच्या मधोमध येतात, रोटर ते पाळीपाळीने १-३-४-२ या क्रमाने प्लगना वाटतो. कंडेन्सरचं काम एवढंच की पॉइंट उघडताना तिथे ठिणगी पडू न देणे, म्हणजे प्रवाह झटक्यात तुटतो. प्रवाह रेंगाळत तुटला तर प्लगला काही मिळत नाही.

इंजिन ३००० आरपीएमवर असताना हे पॉइंट मिनिटाला ६००० वेळा उघडतात. सेकंदाला १०० वेळा! केटरिंगने ही पद्धत कॅडिलॅकसाठी १९१० च्या सुमारास आणली आणि तुमच्या १९८६ च्या गाडीत तीच आहे. मला या यंत्रणेबद्दल फार आदर आहे. यात दडलेलं असं काही नाही, प्रत्येक जोड उघडून बघता येतो.

आता काम. पार्किंगचा ५ वॅटचा बल्ब घ्या, दोन वायरी जोडा. एक वायर इंजिनच्या स्वच्छ लोखंडाला. गाडी न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. किल्ली ऑन.

पहिलं: दुसरी वायर कॉइलच्या पॉझिटिव्हला टेकवा. बल्ब पेटायला हवा. नाही पेटला तर किल्ली, फ्यूज किंवा वायरिंगचा दोष.

दुसरं: कॉइलच्या निगेटिव्हला टेकवा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. बल्ब लुकलुकायला हवा. पॉइंट उघडे असताना पेटतो, मिटले की विझतो. सतत पेटलेला राहिला तर पॉइंट अर्थ देत नाहीत. सतत विझलेला राहिला तर एकतर कॉइलचा वेढा तुटलाय किंवा पुढे कुठेतरी शॉर्ट आहे.

किल्ली ऑन ठेवून चहाला जाऊ नका. पॉइंट मिटलेले असतील तर कॉइल तापून खराब होते. आणि आजूबाजूला सांडलेलं पेट्रोल नको.


वेगाचा वारा | रविवार, सकाळी ९:१५

काकांच्या लिहिण्याला +१. पण खरं सांगायचं तर किट टाकणं वाईट नाही. मी दोन वर्षांपूर्वी टाकलं, पॉइंटची कटकटच संपली, गॅप लावायला नको, काही नको.


बारा व्होल्ट | रविवार, सकाळी ९:३०

वेगाचा वारा, किटला माझा विरोध नाही. पण दोष न शोधता किट टाकलं आणि दोष वायरिंगमध्ये असला, तर किटही चालणार नाही. मग माणूस किटलाच नावं ठेवतो. शिवाय पॉइंट घाटात बिघडले तर कानशीच्या तुकड्याने घासून घरी येता येतं, किट गेलं तर टो. आधी दोष, मग आवड.


पद्मिनी८६ | रविवार, दुपारी १:१०

केलं. मुलीने सेल्फ मारला.

पॉझिटिव्ह: बल्ब पेटला, छान उजेड.
निगेटिव्ह: बल्ब विझलेलाच, सेल्फ मारताना एकदाही लुकलुकला नाही.

कॉइलचा रेझिस्टन्स मोजला. नवी ३.१ ओहम, जुनी ३.२. (जुनी परत घेतली होती.) जाड वायरीच्या भोकापासून मोजला तर दोन्ही कॉइल ७-८ हजार ओहमच्या आसपास. हे बरोबर आहे का?


बारा व्होल्ट | रविवार, दुपारी १:४०

अगदी बरोबर. बॅलास्टशिवाय (बाहेर जोडलेल्या जादा रेझिस्टरशिवाय) चालणारी १२ व्होल्टची कॉइल साधारण ३ ओहम दाखवते. म्हणजे नवी कॉइल योग्य प्रकारची आहे, आणि जुनीसुद्धा धडधाकट होती. ती जपून ठेवा.

आता कॉइलच्या निगेटिव्हवरून डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी वायर काढा. मोकळ्या निगेटिव्हला बल्ब लावा. पेटला तर कॉइल ठीक, शॉर्ट डिस्ट्रिब्युटरच्या बाजूला.


पद्मिनी८६ | रविवार, दुपारी २:०५

पेटला!


कंडेन्सर | रविवार, दुपारी २:२०

मग उत्तर जवळजवळ मिळालंच. पॉइंट बदलताना घोळ झालाय. पॉइंटची पत्ती ज्या खिळ्यावर बसते तिथे प्लास्टिकचं छोटं टोपण असतं. कॉइलकडून आलेली बारीक वायर आणि कंडेन्सरची वायर, दोन्हींच्या टिकल्या (टोकाच्या धातूच्या चकत्या) त्या टोपणाच्या कॉलरखाली, पत्तीला चिकटून बसायला हव्यात. त्या टोपणाच्या वर, नटाखाली घातल्या तर थेट खिळ्याला लागतात, म्हणजे थेट अर्थ. मग पॉइंट उघडोत की मिटोत, करंट कधी तुटतच नाही. मी स्वतः ही चूक दोन वेळा केली आहे. घाईत हमखास होते. खालच्या बाजूचा फायबरचा वॉशरही जागेवर आहे ना बघा.

उघडण्याआधी मोबाइलने फोटो काढा.


पद्मिनी८६ | रविवार, संध्याकाळी ५:३०

कंडेन्सर, तुम्ही जसं लिहिलंत अगदी तसंच निघालं. दोन्ही टिकल्या नटाखाली दाबलेल्या होत्या. टोपणाखाली घेतल्या, पॉइंट पेट्रोलने पुसले (सदाशिव पेठ ताई, खरंच तेलकट थर होता), फिलर गेजने गॅप ०.३८ मिलिमीटर लावली. गाडी टॉप गिअरला टाकून हळूहळू ढकलत कॅमचं टोक पॉइंटच्या टाचेखाली (कॅमवर घासणाऱ्या भागाखाली) आणलं आणि मगच गॅप मोजली.

आता बल्ब लुकलुकतो! बाबांना बोलावून दाखवला. त्यांनी खुर्ची मागवली आणि तिथेच बसले.

पण गाडी सुरू झाली नाही. कॅपमधून जाड वायर काढून इंजिनपासून ५-६ मिलिमीटरवर धरली (लाकडी चिमट्याने), तर ठिणगी येते, पण बारीक आणि पिवळट. कधी येते, कधी नाही. इंजिन दोनदा खोकल्यासारखं करून गप्प.


नानापेठी | रविवार, संध्याकाळी ५:४५

पिवळी ठिणगी म्हणजे कंडेन्सर. हल्ली नवे कंडेन्सर डब्यातून काढल्या काढल्या खराब निघतात. जुना लावून बघा.


पद्मिनी८६ | रविवार, संध्याकाळी ६:४०

जुना लावला. तशीच पिवळी. म्हणजे कंडेन्सरही निर्दोष दिसतोय. आता माझा धीर सुटत चालला आहे.


बारा व्होल्ट | रविवार, संध्याकाळी ७:००

धीर सोडू नका. आज सकाळी ठिणगी शून्य होती, आता पिवळी आहे. गॅरेजमध्ये घातलेला दोष तुम्ही काढलात. आता वडकीला जो दोष आला होता तो समोर आलाय. हे दोन वेगळे दोष आहेत, म्हणूनच गॅरेजवाल्यांचा गोंधळ झाला. पहिला सापडायच्या आत त्यांनी दुसरा तयार केला.

एक नीट सांगा. बल्ब लुकलुकतो म्हणालात. पॉइंट मिटलेले असताना तो पूर्ण विझतो की मंद होतो? दुपारच्या उन्हात हे कळत नाही. आता अंधार झालाय. पॉइंट मिटलेल्या जागी इंजिन थांबवा आणि बल्बच्या तारेकडे बघा.


पद्मिनी८६ | रविवार, रात्री ७:५०

काका, तार लालसर दिसते! उजेड असा पडत नाही, पण निखाऱ्यासारखी लाल आहे. हाताची ओंजळ करून बघितली तेव्हा कळलं. मल्टिमीटरने मोजलं, किल्ली ऑन, पॉइंट मिटलेले:

बॅटरी १२.४
कॉइल पॉझिटिव्ह ११.६
कॉइल निगेटिव्ह ३.९


बारा व्होल्ट | रविवार, रात्री ८:१५

मिळालं. हा ३.९ चा आकडा सगळं सांगतो.

पॉइंट मिटलेले असताना कॉइलचं निगेटिव्ह अर्थ असतं, तिथे ०.२-०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसायला नको. तुमचे जवळजवळ ४ व्होल्ट कॉइलच्या पलीकडे कुठेतरी वाया जात आहेत. हिशेब करा: ११.६ वजा ३.९ म्हणजे ७.७, भागिले ३.१ ओहम, म्हणजे कॉइलमधून २.५ अँपिअर. निरोगी असती तर ३.७ गेले असते. कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गावर ठरते, म्हणजे ती निम्म्याहूनही कमी झाली. त्यात सेल्फ मारताना बॅटरी १० व्होल्टच्या खाली येते. पिवळी ठिणगी त्यामुळेच.

आता मल्टिमीटरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हवर कायम ठेवा आणि लाल एकेक पायरी पुढे सरकवा: डिस्ट्रिब्युटरवर वायर लागते ती जागा, पॉइंटची पत्ती, पॉइंटची स्थिर बाजू, ज्या प्लेटवर पॉइंट बसतात ती प्लेट, आणि शेवटी डिस्ट्रिब्युटरची बॉडी. आकडा जिथे एकदम खाली येतो तिथेच दोष. इंजिन त्याच जागी राहू द्या, पॉइंट मिटलेलेच. दोन मोजणींच्या मध्ये किल्ली बंद करा.


सदाशिव पेठ | रविवार, रात्री ८:३०

मी श्वास रोखून वाचतेय.


पद्मिनी८६ | रविवार, रात्री ९:२०

डिस्ट्रिब्युटरची वायर ३.९
पत्ती ३.८५
स्थिर बाजू ३.७५
प्लेट ३.७५
बॉडी ०.०५

प्लेट आणि बॉडीच्या मध्ये! पण प्लेट तर बॉडीतच बसलेली आहे, मग?


बारा व्होल्ट | रविवार, रात्री ९:४५

बसलेली आहे, पण फिरती आहे. बाजूला व्हॅक्यूमची डबी दिसते ना? तिच्या दांडीने ही प्लेट थोडी मागेपुढे फिरते, टायमिंग पुढे-मागे करायला. फिरणाऱ्या प्लेटला खात्रीचा अर्थ मिळावा म्हणून प्लेटपासून बॉडीपर्यंत एक छोटी मऊ वायर असते, जेमतेम बोटभर. जन्मापासून ती दर वेळी थोडी वाकते आणि सरळ होते. लाखो वेळा. आतल्या तारा एकेक करून तुटतात आणि वरचं कापडी वेष्टण मात्र शाबूत दिसतं. ती पूर्ण तुटली की अर्थ फक्त प्लेटच्या घासणाऱ्या जागेतून, तेल आणि मळ यांच्यामधून जातो. कधी मिळतो, कधी नाही. वडकीच्या आधीचे गचके आणि सायलेन्सरमधला आवाज त्यानेच. ठिणगी मध्येच गेली, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये गेलं, पुढच्या ठिणगीला तिथे पेटलं.

ती वायर शोधा आणि चिमट्याने अलगद ओढून बघा.


पद्मिनी८६ | रविवार, रात्री १०:१०

ओढली आणि रबरासारखी लांबली. आत एकही तार शिल्लक नसावी. बाहेरून बघून कोणालाही शंका आली नसती. तात्पुरती परीक्षा म्हणून मल्टिमीटरची क्लिपवाली वायर प्लेट ते बॉडी लावली, तर कॉइल निगेटिव्हवर ०.२ व्होल्ट, आणि ठिणगी निळी, जाड, टक्क आवाज करणारी.

इतक्या रात्री गाडी सुरू केली नाही, सोसायटीत सगळे झोपलेत. बाबांना मात्र उठवून सांगितलं.


कंडेन्सर | रविवार, रात्री १०:२५

वा! तीन पार्ट नवे घातले, चौथा सुचवला आणि दोष निघाला बोटभर वायरीचा. ती पार्टांच्या यादीत सुद्धा सहसा वेगळी नसते.

नवी वायर घालताना घरातली एकेरी तांब्याची तार वापरू नका. ती वाकून वाकून महिन्याभरात तुटेल. खूप बारीक तारांची, मऊ वायर हवी.


नानापेठी | सोमवार, सकाळी ८:००

बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळेल, मल्टिमीटरच्या वायरी असतात तशी सिलिकॉनची. तिथलं पार्किंग अवघड आहे, बसने किंवा दुचाकीवर जा.

आणि कंडेन्सरबद्दल मी चुकलो, ते मान्य. पिवळी ठिणगी दिसली की कंडेन्सर, असं इतकी वर्षं डोक्यात बसलं होतं. प्राथमिक बाजूचा (कॉइलच्या जाड वेढ्याचा) प्रवाह कमी पडला तरी तसंच दिसतं, हे आज कळलं.


पद्मिनी८६ | मंगळवार, रात्री ८:३०

तपकीर गल्लीतून वायर आणली. बॅटरीचं निगेटिव्ह काढलं, जुनी वायर सोडवली, नवी दोन्ही टोकांना टिकल्या लावून, कल्हई देऊन बसवली. प्लेट दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघितली, वायर कुठे ताणत नाही आणि कॅमला लागत नाही याची खात्री केली. कॅमवर ग्रीसचा अगदी बारीक ठिपका दिला. कॅप आतून कोरड्या फडक्याने पुसली, रेघा नाहीत.

पहिल्या सेल्फला सुरू झाली. बाबा स्टिअरिंगवर होते. त्यांनी चोक किती ओढायचा ते मला सांगितलं नाही, त्यांच्या हाताला ते आपोआप येतं. पौड रोडने चांदणी चौकापर्यंत जाऊन आलो, चढावर एकदाही गचका नाही. परत आल्यावर पुन्हा मोजलं: ०.२२ व्होल्ट.

बारा व्होल्ट काका, तुमच्या परवानगीने एक विचारतो. जुने पॉइंट आणि जुना कंडेन्सर चांगले आहेत हे आता कळलंय. गाडीत जुनेच परत लावू की नवे राहू देऊ?


बारा व्होल्ट | मंगळवार, रात्री ९:१०

चालतंय त्याला हात लावू नका. नवे राहू द्या, साधारण हजार किलोमीटरनंतर गॅप एकदा तपासा. नव्या पॉइंटची टाच सुरुवातीला झिजते आणि गॅप कमी होते, टायमिंगही त्याबरोबर सरकतं. जुनी कॉइल, जुना कंडेन्सर आणि जुने पॉइंट एका डब्यात घालून डिकीत ठेवा. शेजारी तो बल्बही ठेवा, वायरींसकट.

बाबांना माझा नमस्कार सांगा. आरटीओला जाण्याआधी हॉर्न, वायपर, सगळे दिवे आणि हँडब्रेक बघून घ्या.


सदाशिव पेठ | मंगळवार, रात्री ९:३०

काका, हीच ०.२ व्होल्टची परीक्षा अॅम्बॅसेडरला चालेल ना? आमची दोन महिने उभी आहे. बाबा गेल्यापासून तिला कोणी हात लावलेला नाही. हा धागा वाचून पहिल्यांदा वाटलं की मीच बॉनेट उघडावं.


बारा व्होल्ट | मंगळवार, रात्री ९:५०

पॉइंटवाल्या कोणत्याही गाडीला चालेल, ताई. फक्त आधी कॉइलचा रेझिस्टन्स मोजा. तो दीड ओहमच्या आसपास आला तर बॅलास्टवाली कॉइल आहे, मग आकडे वेगळे धरावे लागतील. बॅटरी आधी चार्ज करून घ्या. रविवारी सकाळी मोकळा आहे, नवा धागा काढा, इथेच एकेक पायरी करू.


नानापेठी | मंगळवार, रात्री १०:०५

उद्या बुधवार, जुन्या बाजारात जातोय. ताई, अॅम्बॅसेडरची कॅप किंवा रोटर चांगल्या अवस्थेत दिसला तर तुमच्यासाठी घेऊ का? नको, थांबा, आधी मोजा. मोजून झालं की सांगा.